न हलणारा झोपाळा

मला राग आला की कानातून धूर निघतो, असं बायको म्हणते. साफ खोटं. धूर एकदाच निघाला, आणि तोही कानातून नव्हे, फेट्यातून. मोगलाईत, आमच्या तालुक्याच्या रजिस्ट्री कचेरीत, भर दुपारी. चौघांनी पाहिला. त्यातले तिघं वारले आणि चौथा मी, त्यामुळं साक्षीची अडचण नाही.

त्या दिवशी मी घर विकत घेत होतो. माझं पहिलं. माझं कसलं, आमच्या अख्ख्या कुळातलं पहिलं. आमचं कूळ मेंढरांमागचं. आजा-पणजांनी जन्म काढला तो आभाळाखाली. पाऊस आला की घोंगडं डोक्यावर, थंडी पडली की अंगावर, पाहुणा आला की त्याच्या बुडाखाली. एवढ्या एका घोंगड्यात आमची ओसरी, माजघर आणि दिवाणखाना मावायचा. मी तेवढा कुळाला बट्टा लावला. मेंढरं सोडली, घोंगड्यांचा व्यापार धरला आणि तालुक्याच्या गावी, पेंडीच्या गोदामामागं, एक खोली भाड्यानं घेऊन संसार मांडला. खोली अशी, की उभं राहिलं तर डोकं आढ्याला आणि आडवं झालं तर पाय दाराबाहेर. सकाळी उठून बघावं, तर माझ्या अंगठ्याला कुणीतरी म्हैस बांधून गेलेलं असायचं.

बायको दुबलगुंडीची, तीही मेंढरांच्याच घरातली. तालुक्याला आल्यावर विहिरीला जाताना तिच्या वाटेत एका वकीलसाहेबांचं घर लागायचं. त्याच्या खिडकीतून आतला झोपाळा दिसायचा. सागवानी पाट, पितळी साखळ्या, आणि साखळ्यांवर कोरलेले मोर. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिनं माझ्याकडं लुगडं मागितलं नव्हतं, डोरलं मागितलं नव्हतं. एकदा घागर उतरवून ठेवताना एवढंच म्हणाली, "त्या झोक्यावर बसून एकदा सुपारी कातरायची हाय मला. मंग मेले तरी चालंल."

"त्यासाठी मरायचं कामून?" मी म्हणालो. "घेऊन टाकू की."

बोलून गेलो. माझ्या तोंडाला कुंपण नाही, हे तुमच्या आतापर्यंत ध्यानात आलंच असेल. पण त्या बाईनं तो शब्द पदराच्या गाठीला बांधला आणि तीन वर्षं दर बाजाराला गाठ चाचपून बघितली.

मग वकीलसाहेबांनी वकिली आटोपली आणि लेकाकडं हैदराबादेला जायचं ठरवलं. घर विकायचं, तेही भरलेलं. लेकाच्या बंगल्यात विलायती सामान, यांच्या गावठी सामानाला तिथं जागा नव्हती. झोपाळा, आरशाचं कपाट, मच्छरदाणीच्या दांड्यांचा पलंग, पाणी तापवायचा तांब्याचा बंब, चार खुर्च्या, ठोक्याचं घड्याळ, सगळं घरासकट द्यायचं. मी इसार दिला. अट एकच, की गुरुवारी रजिस्ट्री झाली पाहिजे. शुक्रवारी कचेरी बंद, शनिवारी साहेबांची मोटार. गुरुवार चुकला की इसार बुडाला आणि घर गेलं तेलाच्या एका व्यापाऱ्याला. तो माझ्यापेक्षा जास्त द्यायला तयार होता, आणि रोज संध्याकाळी त्या घरासमोरून मेल्या बैलावर गिधाडानं घिरट्या घालाव्यात तशा फेऱ्या मारत होता.

वकीलसाहेब भला माणूस. हे मी आज म्हणतो. त्या वेळी तो मला पक्का लबाड वाटला, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

साहेब म्हणाले, "हे बघ, रजिस्ट्रीच्या कागदात नुसतं घर लिहू. सामानाची आपण आपसात साधी चिठ्ठी करू. कागदात सामान घालू नकोस."

झालं! वकील माणूस म्हणतोय, कागदात घालू नको! माझ्या डोक्यात शंभर मेंढ्या एकदम ओरडल्या. मी उठलो तो थेट मुडबीच्या शिवारात गेलो. आप्पाची, म्हणजे माझ्या बापाची, मेंढरं त्या आठवड्यात तिथं एका शेतात खतासाठी बसवली होती. आप्पानं सगळं ऐकलं, चिलीम दगडावर झटकली आणि विचारलं, "लेका, मेंढी घेताना आपण काय करताव?"

"बोलून घेताव."

"काय काय?"

"पाठीवरली लोकर, गळ्यातली घंटी, पोटातलं कोकरू."

"आन् न बोललेलं?"

"इकणाऱ्याचं."

हा आमचा कायदा. पाच माणसांसमोर एकेक जिन्नस तोंडानं उच्चारायचा. जो राहिला तो गेला. माझ्या आज्यानं एकदा चाळीस मेंढ्या घेतल्या आणि लोकर बोलायची विसरला. विकणाऱ्यानं हवाली करायच्या आधी सगळ्या कातरून काढल्या. चाळीस नागड्या मेंढ्या हाकत आजा भर बाजारातून आला. मेंढरं खाली मान घालून चालतात ती तेव्हापासून.

"तवा बोलून घे," आप्पा म्हणाला. "खुंटीसुदिक सोडू नको."

मी नाही सोडली. कचेरीबाहेर लिंबाखाली एक अर्जीनवीस बसायचा. लोकांचे कागद लिहून द्यायचा आणि ओळीवर पैसे घ्यायचा. त्याच्यापुढं उभा राहून मी सगळं घर तोंडपाठ म्हटलं. झोपाळा, पाट आणि साखळ्यांसकट. कपाट, आरशासकट. बंब, नळीसकट. घड्याळ, ठोक्यासकट. खुंट्या एकोणीस. देवळीतली पणती. परसातला फुटका रांजण. खुर्चीखालची मांजर.

"मांजर साहेबांची न्हाई, शेजारणीची हाय," अर्जीनवीस म्हणाला.

"असू द्या. लिव्हा."

तो लिहीत गेला आणि त्याच्या तोंडावर लेकीचं लग्न जमल्यासारखं तेज चढत गेलं. कागद उर्दूत. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण लांबी कळत होती. एक टोक लिंबाखाली आणि दुसरं वेशीपाशी, एवढा झाला. बरं, एवढा नसेल. पण चार पानं होती, देवाशप्पथ. वकीलसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझी मर्जी," एवढंच म्हणाले.

कचेरीत मोठे साहेब आतल्या खोलीत बसायचे. पण देवाआधी नंदी. आमचा नंदी म्हणजे पेशकार, मोठ्या साहेबांपुढं कागद ठेवणारा कारकून. आमच्याच मुलखातला, घरी बायकोशी मराठीत भांडणारा माणूस. पण कचेरीच्या उंबऱ्यावर पाय पडला की जीभ उर्दू व्हायची आणि मान वर जायची.

नाव विचारलं, सांगितलं. बापाचं विचारलं, सांगितलं. मग म्हणाला, "साकिन?"

साकिन म्हणजे राहणार कुठला. मी म्हणालो, "घर न्हाई, साहेब. त्येच घ्यायला आलाव."

"बापाचं घर?"

"मेंढरं बसतील तिथं."

"असं लिहिता येत न्हाई. घर सांग."

"घर घ्यायला आलाव म्हणतोय की!"

"अरे, घर असल्याबिगर तू घर घेणार कसा? कागद कुणाच्या नावानं करू, वाऱ्याच्या?"

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली ही गत. शेवटी वकीलसाहेब मध्ये पडले. त्या आठवड्यात मेंढरं मुडबीला होती म्हणून 'साकिन मुडबी' असं लिहिलं. दोन आठवड्यांनी गेलो असतो तर मेंढरं मेहकरला असती, आणि मी सरकारदप्तरी जन्मभर मेहकरकर झालो असतो.

"पहिल्यांदाच घर घ्यायलास?" पेशकारानं विचारलं.

मी छाती काढली. म्हटलं, आता काहीतरी सूट मिळणार. पहिलटकरणीचं कौतुक होतं, थोरल्या जावयाला मान मिळतो, पहिलं घर घेणाऱ्याला सरकार निदान पाणी तरी विचारेल. म्हणालो, "व्हय साहेब. सात पिढ्यांत पहिल्यांदा!"

"तरीच," तो म्हणाला, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

"झोपाळा. कशाला टांगलाय?"

"तुळईला."

"तुळई कुणाची?"

"घराची."

"गैरमनकुला." आणि त्यानं लाल शाईची एक रेघ ओढली.

मनकुला म्हणजे उचलून नेता येते ती वस्तू. गैरमनकुला म्हणजे जागची न हलणारी, जशी जमीन, विहीर, भिंत. घराच्या कागदाला स्टांप लागतो तो न हलणाऱ्यावर. उचलून न्यायचं सामान त्यात धरायचं कारणच नाही. हे ज्ञान मला त्या दिवशी, त्या लाल रेघेबरोबर झालं. वकीलसाहेब ज्या साध्या चिठ्ठीचं सांगत होते तिचा अर्थही तेव्हाच उमगला. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते भिंतीवरच्या पालीकडं बघत होते.

"साहेब, झोपाळा हालतोय की! त्येचं कामच हालायचं हाय!"

"जागेवर हालतोय. जागा सोडून जातोय का? कपाट?"

"उभं हाय."

"भिंतीला टेकून उभं हाय. गैरमनकुला. पलंग?"

"त्येला तर चार पाय हाईत!"

"दारातून बाहेर निघंल का?"

वकीलसाहेब माणूस खरं बोलणारा. म्हणाले, "सुतारानं खोलीतच जोडला होता."

"गैरमनकुला."

घड्याळ खिळ्याला, खिळा भिंतीत, भिंत जमिनीत, गेलं. बंबाच्या बुडाशी विटा आणि विटांखाली जमीन, गेला. खुंट्या एकोणीसच्या एकोणीस गेल्या. शेवटी मांजरीवर बोट आलं. मी ओरडलो, "आता मांजर तरी हालती का न्हाई?"

"कुत्रं माणसाचं असतंय, मांजर घराची असती," पेशकार शांतपणे म्हणाला. "मालक गेला तरी ती जागा सोडत न्हाई." आणि रेघ ओढली.

एवढ्यावर भागलं नाही. लेखणी कानावर ठेवून तो म्हणाला, "इतक्या सामानाचं घर, आन् इतक्याशा किमतीत? सरकारला फसवायलास काय?" आणि त्यानं स्वतःच्या मनानं एकेका जिन्नसाची किंमत लावायला घेतली. झोपाळ्याची अशी लावली, की तेवढ्यात घोडा आला असता, खोगिरासकट, वर चंदीचं पोतं. त्या फुगलेल्या किमतीवर स्टांप, वर नकलेचे पैसे, वर शाईचे, वर जी वाळू कागदावर टाकून शाई वाळवतात त्या वाळूचे. मी कमरेची थैली सोडली आणि हालीचे, म्हणजे निजामाच्या शिक्क्याचे, रुपये टेबलावर ओतले. चाळीस कमी भरले.

धूर निघाला तो तेव्हा.

आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझ्या मुठी वळतात. सागवान रानात उगवलं, कापलं लाकूडतोड्यानं, पाट केला सुतारानं, साखळ्या ओतल्या तांबटानं, जपला वकीलसाहेबांच्या घरच्यांनी, आणि माझ्या बायकोनं तीन वर्षं भाकरीला तेल न लावता तो मिळवला. या माणसानं त्यात हातोडीनं एक चूकसुद्धा ठोकली नव्हती. आणि हाच बसला होता लाल शाई घेऊन माझ्या बायकोच्या झोक्याचं मोल करत! चूक माझी होती, मान्य. पण चुकलेल्याला चुकलास म्हणायला जीभ लागते, आणि ती त्याच्याकडं दोन-दोन भाषांत होती. म्हणाला असता, "गड्या, यादी फाड, दुसरा कागद लिहून आण," तर घटकाभरात काम झालं असतं. त्यानं तसं म्हटलं नाही. अडाणी माणूस म्हणजे या लोकांचं वतनच.

बाहेर ओट्यावर तेलाचा व्यापारी येऊन बसला होता आणि तळहात चोळत होता. कचेरी बंद व्हायला तासभर उरला असेल. तेवढ्यात पेशकारानं इकडंतिकडं बघितलं, पुढं वाकला, आणि त्याची जीभ एकदम मराठी झाली.

"हे बघ, मी आपल्यातलाच हाय. कमी पडायलेले चाळीस मी भरतो. झोपाळा मला दे."

"कपाट घ्या, साहेब. आरशाचं हाय."

"आरशात बघण्यासारखं तोंड न्हाई माझं. झोपाळा."

"पलंग घ्या. बंब घ्या. दोन्ही घ्या."

"झोपाळा," तो म्हणाला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

दिला. काय करणार? आतून मोठ्या साहेबांचा शिक्का बसल्याचा आवाज आला, आणि तो मला माझ्याच पाठीवर बसल्यासारखा वाटला.

शनिवारी वकीलसाहेब मोटारीत बसले आणि त्याच दुपारी पेशकाराचे हमाल आले. दोनच. त्यांनी तुळईच्या आकड्यांतून साखळ्या काढल्या, पाट खांद्यावर घेतला आणि चालू लागले. चिलीम भरायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. सरकारच्या कागदावर जी वस्तू जागची हलत नाही म्हणून मी स्टांप भरला होता, ती माझ्या डोळ्यांदेखत गल्लीच्या कोपऱ्यावर डावीकडं वळली.

बायको तुळईखाली उभी होती, कमरेला अडकित्ता खोचून.

"आकडं तेवढं ऱ्हायलं," ती म्हणाली.

"त्येचाबी स्टांप भरलाय," मी म्हणालो.

मग ती तीन दिवस बोलली नाही. एवढी बाई गप्प बसली की घर केवढं मोठं होतं ते मला त्या तीन दिवसांत कळलं. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "त्या कागदात झोका काय म्हणून लिव्हलाय?"

"घराचा भाग म्हणून."

"म्हंजे भिंतीसारका?"

"व्हय."

"आन् कुणी कुणाला भिंत इकली, तर काय करावं लागतंय?"

"रजिस्ट्री."

"मंग तुम्ही पेशकाराला रजिस्ट्री कवा करून दिलाव?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ही युक्ती सर्वस्वी माझी आहे. तिनं आधी बोलून दाखवली, एवढंच.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही पेशकाराच्या घरी गेलो. पुढं मी, बगलेत चार पानी कागद. मागं बायको, अडकित्ता आणि पानपुडा घेऊन. तिच्यामागं आप्पा, आणि आप्पामागं मेंढरं. मी दोनशे म्हणतो. आप्पा साठ म्हणायचा, पण म्हातारा मोजण्यात पहिल्यापासून चिकट.

पेशकार ओसरीत उघड्या अंगानं झोपाळ्यावर बसला होता. आम्हाला बघून दचकून उठला. तो उठला आणि बायको बसली. पाय वर घेतले, पानपुडा उघडला आणि सुपारी कातरायला लागली. कडक, कडक, कडक.

"हे काय करायलाव?" पेशकार ओरडला. घरी असल्यामुळं शुद्ध मराठीत.

"आमच्या घरात बसलाव," मी म्हणालो.

"हे माझं घर हाय!"

"भिंती तुमच्या. झोपाळा आमच्या घराचा तुकडा हाय, ह्यो बघा कागद, तुमच्याच लाल रेघंचा. न हालणारी वस्तू. तुम्ही घेतलाव म्हणता, मंग रजिस्ट्री कुठाय? स्टांप कुठाय? तुम्ही लावलेल्या किमतीवर किती व्हतोय, मोठ्या साहेबांनाच इचारू का?"

त्याच्या तोंडाचा रंग उतरला. हळू आवाजात म्हणाला, "अरे, झोपाळा मनकुला असतो."

"असं व्हय? मंग आमचा भरलेला स्टांप वापस करा."

तेवढ्यात आप्पा पुढं आला, फेटा काढून अदबीनं म्हणाला, "साहेब, त्या दिशी तुम्ही पोराला म्हणलाव, बापाचं घर दाव. मला कळंना कुठलं दावू. आज कळलं. घराचा तुकडा हितं, म्हंजे आमचं घर हितं. घर हितं, म्हंजे साकिन हितं. मेंढरं आजपासून हितंच बसवतो."

मेंढरांना परवानगीची सवय नसते. त्यांनी मोगरा संपवला होता आणि वाळत घातलेल्या धोतराकडं मोर्चा वळवला होता. गल्लीतली माणसं गोळा व्हायला लागली. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "पेशकार अण्णा, तुमी घोंगडीवाल्याच्या घरात भाड्यानं ऱ्हायलाव काय वो?"

ते बोलणं त्याला स्टांपापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तेच दोन हमाल, तोच पाट, त्याच साखळ्या. आकड्यांत अडकवेपर्यंत पेशकार स्वतः दारात उभा होता, आणि त्याची जीभ ना मराठी होती ना उर्दू.

मी त्याचे चाळीस बुडवले असं गावात बोलतात. खोटं आहे. दर थंडीला एकेक घोंगडं देऊन मी ते फेडले. घोंगड्याला किंमत तेवढी त्याच्याच पद्धतीनं लावली.

स्टांप काही परत आला नाही. येणार नव्हताच. तो कागद अजून माझ्याकडं आहे. एकोणीस खुंट्या, एक पणती, एक फुटका रांजण आणि शेजारणीची मांजर, सगळ्यांवर मी सरकारचा कर भरलेला आहे. त्यातली मांजर तर महिन्याभरात पळून गेली. रागानं मी पुढं कैक दिवस त्या कचेरीवरून जाताना थुंकायचो, आणि वाट वाकडी असली तरी मुद्दाम त्याच बाजूनं जायचो.

झोपाळा परत टांगला त्या संध्याकाळी बायको त्यावर बसली. मी शेजारी उभा राहून पेशकाराच्या सात पिढ्या मोजत होतो आणि पाचव्या पिढीपर्यंत आलो होतो. तिनं सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं.

"अजून राग हाय का?"

"हाय."

"लई?"

"लई."

"मंग धक्का जोरात द्या," ती म्हणाली, आणि पाय वर घेतले.